टायरची तारीख आतल्या बाजूला होती

मित्रांनो, जरा लांबलचक आहे पण सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल तर वाचाच, कारण माझे 62 हजार गेलेत.

गाडी बीएमडब्ल्यू झेड फोर, 2011 ची, दोन सीटची. (सोसायटीत सगळ्यांचं विचारून झालंय की आईला घेऊन जाणार की बायकोला.) हिच्या टायरचं असं आहे की पुढे 225/40 आर 18 आणि मागे 255/35 आर 18, म्हणजे मागचे 30 मिलीमीटर जास्त रुंद. ते काय दिसायला नाही, गाडी रिअर व्हील ड्राइव्ह आहे, 306 हॉर्सपॉवर सगळी मागच्याच दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायची म्हणून. आणि दुसरा आकडा म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते; 225 चे 40 टक्के म्हणजे 90, 255 चे 35 टक्के म्हणजे 89, म्हणून रुंदी वेगळी असून चाकाची उंची पुढेमागे सारखीच राहते. हे गणित मला आता पाठ आहे, तेव्हा नव्हतं, असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

2023 च्या मे मध्ये मागचे टायर संपले. पावसाळ्याआधी बदलू म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. दुकानदार गोड माणूस, आधी चहा मागवला. म्हणाला, साहेब 255/35 विसरा, 2020 पासून बाहेरच्या टायरवर बंधनं आहेत, मिळणार नाही. आता बंधनं खरंच आली होती, 2020 च्या जूनमध्ये आयात रिस्ट्रिक्टेड केली होती सरकारने, त्यामुळे मी मान डोलावली. मग म्हणे चारही 235/40 टाका, पुढचे मागे मागचे पुढे फिरवता येतात, दुप्पट चालतील, तुमच्या आत्ताच्या सेटमध्ये फिरवाफिरवी होतच नाही. पुढेमागे फिरवाफिरवी होत नाही हेही खरंच आहे हो! दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्याने आपला न खपलेला माल सरकवला.

पुढचे टायर अंगठ्याने दाबून "दात गेलेत" म्हणाला आणि जोडीचे 3 हजार वजा केले, मला तर उपकारच वाटले. वर, पक्कं बिल नको असेल तर 28 टक्के जीएसटी वाचेल. मीही हावरा, नको म्हटलं. 20 हजार जीपे, बाकी कॅश.

जूनच्या पहिल्या पावसात फ्रीवेवरून चेंबूरकडे उतरताना जरा ॲक्सिलरेटर दिला तर मागची बाजू सरळ डावीकडे निघाली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, गाडीने स्वतःच पॉवर कापली म्हणून वाचलो. घरी आल्यावर कितीतरी वेळ पार्किंगमध्येच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला ओळखीच्या अलाइनमेंटवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च आतून मारला आणि नुसतं "वाच" म्हणाले. लांबुळक्या चौकटीत चार आकडे, 2317. म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं जुना रबर, चारही तसेच! बाहेरच्या बाजूला डीओटी हा टायरचा कोड लिहिलेला होता पण त्यात तारीख नव्हती, ती टायरच्या एकाच बाजूला असू शकते, आणि ती बाजू नेमकी चारही चाकांना आत बसवली होती. काका म्हणाले, रबर कडक झालाय, त्यात मागे तू 20 मिलीमीटर कमी केलेस आणि पुढे 10 वाढवलेस, मग शेपूट नाही हलणार तर काय. शिवाय आधीचे टायर आरएससी मार्कचे म्हणजे रनफ्लॅट, हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे होते, हे साधे, आणि या गाडीला स्टेपनी नसते. म्हणजे रात्री घाटात पंक्चर झालं असतं तर बसा.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? ग्लोव्ह बॉक्समध्ये एप्रिलचं सर्व्हिसचं जॉबकार्ड सापडलं. टायरच्या खाचांची खोली पुढे 5 मिमी, मागे 2. पुढचे चांगले होते! 1.6 ला बदलायचे असतात. ते 3 हजारात त्याला देऊन आलो आणि त्याने कुणाला कितीला विकले देव जाणे.

फोन केला तर म्हणतो, तारीख काय बघता साहेब, दुधाची पिशवी आहे का ती. नंतर उचललाच नाही. 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का.

शेवटी 255/35 मिळाले, पुढच्या 225/40 सकट, दुसऱ्या डीलरकडे, तीन आठवडे थांबावं लागलं एवढंच. यावेळी टायर रिमवर चढायच्या आधी प्रत्येकाची तारीख, साइज आणि आरएससी मोबाइलमध्ये फोटो काढून घेतले, साइज दाराच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला, आणि पक्क्या बिलावर तारखेचे चारही आकडे लिहून घेतले. तो पोरगा वैतागला, वैतागू दे.

ते 2317 वाले चार पार्किंगमध्ये पडून होते. ऑगस्टमध्ये बीएमसीची माणसं डासांच्या तपासणीला आली, त्यात साचलेलं पाणी बघून मलाच झापलं. भंगारवाल्याने चारांचे मिळून 200 दिले.