लाल रंगाला हात न लावणारं प्रिंटिंगचं दुकान

नातीच्या कॉलेजात चिनी चित्रकलेतल्या क्रांतीच्या खुणांवर छोटं प्रदर्शन होतं. त्यासाठी ए-टू आकाराच्या प्रती हव्या होत्या. माझी उभी हयात ऑफसेट मशिनवर गेली, त्यामुळे डिजिटलवाल्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळातल्या या दुकानाला पाचपैकी चार तारे.

पहिलं चित्र ल्यू चुनह्वाचं, 1967 सालचं, ‘अध्यक्ष माओ आनयुआनला जातात’. लांब झगा, काखेत छत्री, पायाखाली डोंगर आणि मागे सगळं आभाळ. 1922 साली आनयुआनच्या खाणकामगारांचा संप झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ल्यू शाओची होता, पुढे चीनचा राष्ट्राध्यक्ष झालेला आणि मग माओच्या मर्जीतून उतरलेला. चित्रात मात्र एकटा माओ. संगणकावरचा मुलगा म्हणाला, “काका, चेहरा फार तांबूस आहे, जरा नॉर्मल करू?” म्हटलं, खबरदार! माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966 ते 1976) चित्र ‘लाल, उजळ, चकचकीत’च हवं असा दंडक होता, माओच्या चेहऱ्यावर थंड रंगाची सावली चालत नसे. तो तांबूसपणा काढला तर उरतो फिरायला निघालेला एक मास्तर. पोराने मुकाट्याने ऑटो करेक्शन बंद केलं.

खरी कसोटी झांग शियाओगांगच्या ‘रक्तरेषा’ची. 1990 नंतरची ही मालिका. जुन्या स्टुडिओत काढलेल्या फोटोसारखी करडी, निर्विकार माणसं आणि त्यांना जोडणारी केसाएवढी लाल रेघ. एका पिढीआधी अख्खा कॅनव्हास व्यापणारा लाल इथे आक्रसून तेवढाच उरलाय. पहिल्या प्रूफात, म्हणजे नमुना छपाईत, करड्यावर मॅजेन्टाची (गुलाबी शाईची) झाक आली आणि रेघ पसरून सुतळी झाली. मी काही बोलायच्या आत मुलानेच भिंग काढलं, कागदाचं प्रोफाईल (त्या कागदासाठीची रंगांची मांडणी) बदललं, आणि दुसऱ्या प्रूफाचे पैसे घेतले नाहीत. हल्ली भिंग ठेवतं कोण?

वांग ग्वांगयीचं कोका-कोलावालं काही अवघड नव्हतं. क्रांतीच्या प्रचाराच्या पोस्टरमधले मुठी आवळलेले कामगार आणि शेजारी शीतपेयाचं नाव. सपाट रंग, जाड काळ्या रेघा. कोणत्याही मशिनवर निघेल.

तुंग शीवनचं 1953 सालचं ‘राष्ट्रस्थापना सोहळा’ (1949 साली माओ नव्या चीनची घोषणा करतो तो प्रसंग, मागे पक्षाचे नेते) मात्र त्याने छापलं नाही. “फाईल लहान आहे, मोठी केली की फुटेल,” म्हणाला. बरंच झालं. त्या चित्रातून आधी पक्षाने दूर केलेला नेता काव कांग पुसला गेला, मग सांस्कृतिक क्रांतीत ल्यू शाओची. नेटवरून उतरवलेल्या फाईलमध्ये नक्की कोण उभं आहे हे आम्ही तपासलंच नव्हतं. आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकेतून रुसलेला काका ऐनवेळी काढायला सांगत, तेव्हा प्लेट नव्याने करावी लागे. तिथे तर राज्याचा दस्तऐवज.

एक तारा कापला तो सनबोर्डसाठी, म्हणजे प्रत चिकटवायच्या फोमच्या पुठ्ठ्यासाठी. माओच्या छत्रीपाशी हवेचा फुगा राहिला. दाखवल्यावर टाचणी टोचून दाबून दिला, तरी तिरप्या उजेडात दिसतोच. शिवाय चकचकीत लॅमिनेशन गळ्यात मारायला बघतात. मॅटच सांगा, नाहीतर भिंतीवर चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसेल.

ए-टूला मॅट कागदावर 350 रुपये, सनबोर्डचे वेगळे. फाईल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॅपवरून पाठवलेली ते घेत नाहीत आणि योग्यच करतात. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तिकडे फिरकू नका, वह्या-पुस्तकांच्या गर्दीत बोळात शिरता येत नाही.