आखाजीची रात्र, गच्ची आणि एकच पिक्चर: 'स्क्रूज्ड' लावावा की 'ग्राउंडहॉग डे'?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अंमळनेरच्या घरी दोन्ही बहिणी येतात, एक शिरपूरहून, एक चाळीसगावहून. दोन मेव्हणे, पाच भाचरं आणि आई धरून बारा-तेरा माणसं होतात. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला की संध्याकाळपर्यंत कोणी हलत नाही. मग गच्चीवर पाणी मारायचं, म्हणजे ती थंड होईल (होत नाही), आणि रात्री जिन्याच्या खोलीच्या चुना दिलेल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा. पिक्चर निवडायचं काम माझ्याकडे. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, सिनेमातलं मला विशेष कळतं असं नाही; पण घरात पेन ड्राइव्ह सांभाळणारा मी एकटाच.

सुट्टीत लावायला मला एकच प्रकार आवडतो. खडूस, आपमतलबी माणूस, त्याची हसतखेळत जिरते आणि शेवटी तो बरा होतो. रडारड नको, हाणामारी नको. या प्रकारात माझ्याकडे दोन पिक्चर उरलेत आणि दोन्ही आखाजीला गच्चीवर लावून झालेत. गंमत म्हणजे दोन्हीत हिरो एकच, बिल मरे. दोन्ही १०१ मिनिटांचे, आहेराचं पाकीट असावं तसे. त्यामुळे 'मोठा कोणता, छोटा कोणता' हा प्रश्नच मिटला.

'स्क्रूज्ड' १९८८ चा. डिकन्स या इंग्रज लेखकाची १८४३ ची ती कंजूस म्हाताऱ्याची गोष्ट उचलून न्यूयॉर्कच्या टीव्ही कंपनीत आणून ठेवलेली. साहेब फ्रँक क्रॉस, ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याच गोष्टीचा थेट कार्यक्रम करायला निघालेला आणि त्याच्यावरच तीन भुतं येतात. 'ग्राउंडहॉग डे' १९९३ चा. फिल कॉनर्स हा टीव्हीवर हवामान सांगणारा, स्वतःवर बेहद्द खूश. पंक्सुटॉनी नावाच्या गावात २ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला जातो आणि तोच दिवस त्याच्यासाठी रोज पुन्हा उगवत राहतो. बाकी तुम्हाला माहीत असेलच.

आधी 'स्क्रूज्ड'च्या बाजूनं बोलतो, कारण शेवटी मी त्याच्यावर थोडा अन्याय करणार आहे.

त्याचा पहिला अर्धा तास दुसऱ्यापेक्षा जास्त हसवतो, यात वाद नाही. उंदराच्या डोक्याला हरणाची शिंगं चिकटत नाहीत म्हटल्यावर फ्रँक विचारतो, स्टेपलर मारून पाहिलं का? आमची भाचरं लोळायची बाकी होती. आणि एक जागा अशी आहे की मालक माणसानं ती एकट्यानं पाहावी. सेक्रेटरी यादी वाचते आणि फ्रँक सांगत जातो, कोणाला सणाची भेट म्हणून व्हिडिओ रेकॉर्डर आणि कोणाला नुसता टॉवेल. त्या वर्षी दुकानातला पोरगाही आमच्याकडे जेवायला होता. आदल्या दिवाळीला मी त्याला बोनस म्हणून स्टीलचा डबा दिला होता. टॉवेल म्हटल्याबरोबर सगळ्यांत आधी तो हसला. मग एकदम गप्प झाला आणि कुरडईचा तुकडा मोडत बसला. मीही भिंतीकडेच बघत राहिलो. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीलाच संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. मालक-नोकराचा हिशोब हा या सणाचा भागच आहे. त्यामुळे 'स्क्रूज्ड' आम्हाला लागू पडतो, अगदी नको तितका. पुढच्या दिवाळीला त्याला रोख दिले. पिक्चरमुळे दिले असं मात्र मी म्हणणार नाही.

भुतंही मजेदार आहेत. दुसरं भूत म्हणजे परीच्या वेशातली एक नाजूक बाई, आणि ती फ्रँकच्या तोंडावर टोस्टर हाणते. लहान भाचा अजून तेवढ्यासाठीच 'तो टोस्टरवाला' मागतो. शेवटाकडे फ्रँकची शवपेटी भट्टीत सरकते तो प्रसंग पोरांना भारी पडेल असं वाटलं होतं. पोरं घाबरली, पण आई शांतपणे म्हणाली, "त्यामा काय, सगळासलेच जानं शे." दहन आपल्याला काही नवीन नाही.

आता ग्राउंडहॉगकडे. हा खारीच्या कुळातला, घुशीसारखा दिसणारा पण तिच्याहून गुबगुबीत प्राणी. त्याला २ फेब्रुवारीला बिळातून काढायचं. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, असा तिथला समज. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतील म्हणून मी तयारीत होतो. आईनं दोन वाक्यांत संपवलं: "म्हंजे भेंडवळ. घटाऐवजी घूस."

आणि खरंच तसंच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला आखाजीच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, भोवती धान्यं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं आणि पिकांचं भाकीत. त्यानंतर आठवडाभर माझ्या दुकानात कपाशीच्या बियाण्याआधी गिऱ्हाईक तेच विचारतं, भेंडवळनं काय सांगितलं? भाकीत काहीही असो, बियाणं सगळेच नेतात. म्हणजे आम्ही पिक्चर बघत होतो त्या रात्री तिकडे घट मांडलेले होते आणि सकाळी मोबाइलवर भाकीत येणार होतं. हा योगायोग मी ठरवून आणलेला नव्हता, पण श्रेय घेतलं. त्यात पुन्हा वादळ इकडे येणारच नाही असं छातीठोक सांगणारा फिल त्याच वादळात अडकतो. अंदाज सांगणाऱ्याचाच अंदाज चुकलेला पाहून शेतकऱ्याच्या घरात जे हसू येतं ते वेगळंच.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्यांदा सकाळचे सहा वाजले, तेच गाणं लागलं, घड्याळाचा तोच आकडा पडला, तेव्हा शिरपूरचे मेव्हणे उठले आणि प्रोजेक्टरजवळ जाऊन पेन ड्राइव्ह काढायला लागले. त्यांना वाटलं, फाइल अडकली. त्यांना बसवेपर्यंत मोठ्या भाचीनं जाहीर केलं की मामानं परत पहिल्यापासून लावला. पहिला पाऊण तास असा धीराचा आहे. तेवढा काढा.

कारण त्यानंतर जे होतं ते मला अपेक्षित नव्हतं. आईला इंग्रजी येत नाही, खालची अक्षरं वाचायला चष्मा पुरत नाही. 'स्क्रूज्ड'च्या वेळी ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, आते काय म्हणना? इथं तिसऱ्या सकाळपासून तिनं विचारणं बंद केलं. तो चिकट विमा एजंट समोर आला की तीच आधी म्हणायची, "ऊना देख, मांगे लागना." पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात फिलचा पाय पडणार हे तिला फिलच्या आधी कळत होतं. तोच दिवस दहादा दाखवल्यावर भाषा लागतच नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर एवढी एक गोष्ट मला पुरेशी वाटते, पण तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक.

अडचणीच्या जागा दोन्हीत आहेत. 'स्क्रूज्ड'मध्ये नोकरीवरून काढलेला माणूस बंदूक घेऊन येतो आणि ती गंमत म्हणून दाखवलीय, मला ती गंमत वाटली नाही. 'ग्राउंडहॉग डे'त फिल कंटाळून जीव द्यायला निघतो, एकदा नव्हे, बऱ्याचदा, आणि दर वेळी सकाळी सहाला उठतो. हलक्या हातानं घेतलंय, तरी मोठी माणसं तेवढा वेळ जरा अवघडतात. (त्यात एकदा तो चालू टोस्टर घेऊन बाथटबमध्ये बसतो. एकाच नटाच्या नशिबी दोन पिक्चरमध्ये दोन टोस्टर.)

टोस्टरवरून आठवलं. बिल मरेचा सख्खा भाऊ ब्रायन दोन्हीत आहे. 'स्क्रूज्ड'मध्ये तो फ्रँकचा खाटीक बाप. चार वर्षांच्या पोराला सणाला खेळण्याऐवजी मांस आणून देतो. 'ग्राउंडहॉग डे'त तो गावचा पुढारी आणि त्याच्या घशात मांसाचा तुकडा अडकतो, तो काढायला धावतो बिल. चाळीसगावच्या बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, बापाचं कर्ज फेडलं.

बरं. माझा काटा कुठं झुकला ते सांगतो, आणि ते कारण तुम्हाला किरकोळ वाटलं तर वाटू द्या.

आवाज. 'स्क्रूज्ड' बघताना रिमोट माझ्या हातातून सुटलाच नाही. भुतं किंचाळतात, फ्रँक ओरडतो, भांडी पडतात. मी आवाज कमी केला की बोलणं ऐकू येईना, वाढवला की शेजारच्या गच्चीवरचे काका गोधडी डोक्यावर ओढायचे. आखाजीच्या दिवसांत अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, हे लक्षात घ्या. तरी मी म्हटलं, खडूस आहे तोवर ओरडेल, सुधारला की शांत होईल.

तो सुधारला आणि आणखी ओरडायला लागला. चालू कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर घुसतो आणि सगळ्यांना प्रेम करा, चांगले व्हा म्हणून सांगत सुटतो. संपतच नाही. मग गाणं, मग पिक्चर बघणाऱ्यांनाही तो गायला लावतो. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण त्या भाषणात बहिणीचं झोपलेलं बाळ उठलं, त्याला घेऊन ती खाली गेली, त्याला परत झोपवून वर आली, तरी तो बोलतच होता. आई इतका वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "हाऊ इतला कसाले बोंबलस? आते तं सुधरना ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तिथंच माझा पिक्चर संपला. काल रात्रीपर्यंत कर्मचाऱ्यांवर ओरडणारा माणूस आज चांगुलपणाच्या नावानं त्यांच्यावरच ओरडतोय आणि ते बिचारे आजही नुसते ऐकतायत. कॅमेराही त्याचाच. अशी माणसं आपण पाहिलेली असतात. मी तर सकाळी दाढी करताना रोज बघतो.

फिलही शेवटी कॅमेऱ्यासमोर बोलतो, नाही असं नाही. पण चार वाक्यं, हळू आवाजात, आणि गर्दी आपणहून जवळ येते. बाकी तो करत राहतो. झाडावरून पडणारं पोर रोज त्याच वेळी झेलतो. ते पोर कधी थँक्यू म्हणत नाही, यावर फिल चिडतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं हजर. म्हाताऱ्या बायांच्या गाडीचं पंक्चर चाक बदलतो. रोज पियानो शिकायला जातो, शिकवणारीच्या लेखी रोज पहिलाच दिवस. आणि तो रस्त्यावरचा म्हातारा. सुरुवातीला फिल खिसे चापपल्यासारखं करून पुढं निघून जातो, जसं आपण सगळेच स्टेशनवर करतो. नंतर एका रात्री तोच म्हातारा दवाखान्यात मरतो. पुढच्या वेळी फिल त्याला गरम सूप पाजतो, तरी मरतो. कितीही केलं तरी तेवढं त्याला बदलता येत नाही. तिथं आवाज इतका कमी आहे की आमच्या गच्चीवर फक्त शेजाऱ्यांचा कूलर ऐकू येत होता. आईनं पदर तोंडाला लावला होता. मी रिमोट कधी खाली ठेवला मला आठवत नाही.

किती दिवस तो त्या एका दिवसात अडकला होता ते पिक्चर सांगत नाही. पियानो इतका चांगला वाजवायला लागला म्हणजे वर्षं गेली असणार, असा आमचा घरगुती हिशोब.

तुमच्याकडे तरणी पोरं जास्त असतील, डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी असेल, आसपास झोपणारं कोणी नसेल, तर 'स्क्रूज्ड' लावा, मजा येईल; पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली जाईपर्यंत पहिला अर्धा तास फस्त होतो. टोस्टरवाल्या भाच्यालाही मी तेच कबूल केलंय. पण घरात सगळ्या वयाची माणसं, वर उघडी गच्ची आणि लावायला एकच रात्र, असं असेल तर मी तरी आता दुसरा विचार करत नाही. भर वैशाखात भिंतीवर एवढा बर्फ बघायला मिळतो हा वरचा फायदा. दोन्हीत बर्फ आहे, पण पंक्सुटॉनीचा जास्त गार वाटतो.

फक्त एक काळजी घ्या. त्या रात्री मोठ्या भाच्यानं मोबाइलवर तेच सकाळचं गाणं शोधलं, सहाचा गजर लावला आणि फोन मेव्हण्यांच्या उशीखाली सरकवला. सकाळी सहाला ते वाजलं. मेव्हणे डोळे न उघडताच ओरडले, "अरे, पेन ड्राइव्ह काढा ना कोणीतरी!"