ट्रेलोच्या पाटीवर चकलीचे प्रयोग

आमचं फराळाचं ऑनलाइन दुकान पुण्यात, मार्केटिंगला आम्ही चौघं. प्रत्येकाच्या डोक्यात रोज नवी टेस्ट, म्हणजे वेबसाइटवर काहीतरी बदलून विक्रीला काय फरक पडतो ते बघणं, आणि ती सांगायची जागा व्हॉट्सॲप ग्रुप. मागे एका दिवाळीत मी वेबसाइटवर 'डिलिव्हरी फुकट'ची पट्टी लावली आणि त्याच आठवड्यात डिझायनरने चकलीचा फोटो बदलला. विक्री वाढली. पट्टीने की फोटोने, यावर चहाच्या वेळी अजून भांडण होतं. (दिवाळीत ती तशीही वाढतेच, असा तिसरा पक्षही आहे.)

त्यानंतर ट्रेलोवर, म्हणजे कामं मांडून ठेवायच्या ऑनलाइन ॲपवर आलो. पाटीवर रकाने, रकान्यांत कार्डं, एवढाच मामला. आमचे रकाने: आयडिया, रांगेत, चालू, निकाल. एक टेस्ट, एक कार्ड. कार्ड 'चालू'त सरकवण्याआधी काय बदलणार, कुठला आकडा बघणार आणि किती दिवस, हे लिहिलंच पाहिजे. कार्ड कोणी कधी सरकवलं याची नोंद कार्डावर आपोआप पडते. त्यामुळे निकालानंतर 'मी म्हटलंच होतं' म्हणणाऱ्यासमोर कार्ड उघडून धरता येतं. माझ्या मते निम्मे पैसे इथेच वसूल, आणि आम्ही तर फुकटचा प्लॅन वापरतो. वेबसाइटच्या प्रत्येक पानाला वेगळ्या रंगाचं लेबल दिलंय. 'चालू'त एका रंगाची दोन कार्डं दिसली की एक मागे जातं.

हिशेबाची अपेक्षा मात्र ठेवू नका. कोण जिंकलं हे पाटी सांगत नाही, ते डोकं आपलंच लावायचं. एकदा दोन मथळ्यांच्या टेस्टमध्ये चौथ्या दिवशी एका मथळ्याला 11 ऑर्डर होत्या, दुसऱ्याला 7. आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, म्हणाले, "झालं की! 11वाला ठेवा." मी म्हटलं, "काका, नाणं 18 वेळा उडवलं तर 11-7 किंवा त्याहून एकतर्फी निकाल जवळजवळ निम्म्या वेळा नुसत्या योगायोगाने येतो." काकांनी खरंच रुपया काढून उडवला. 12-6 आलं. टेस्ट ठरलेले 14 दिवस चालली.

आयडियांना परिणाम, खात्री आणि सोपेपणा यांचे गुण द्यायची मार्केटिंगवाले शॉन एलिस यांची 'आइस' (या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ICE) पद्धत आम्ही वापरतो. त्यासाठी लागणारी कस्टम फील्ड्स, म्हणजे कार्डावर आपल्याला हवी ती माहिती भरायच्या चौकटी, पैसे भरल्यावरच मिळतात, म्हणून आम्ही गुण कार्डाच्या नावातच कोंबतो. दिसायला गबाळं, पण चालतं.

'कार्ड एजिंग' ही ट्रेलोची जोडणी (पॉवर-अप) मात्र जरूर लावा. हात न लागलेलं कार्ड हळूहळू फिकं होत जातं, आणि 'पायरेट' प्रकार निवडला तर जुन्या नकाशासारखं पिवळं पडून फाटतं. आमच्या 'आयडिया' रकान्यात सगळ्यात जास्त फाटलेलं कार्ड बाकरवडीच्या रीलचं आहे. ते काकांचं असल्यामुळे हलवायला अजून कोणी धजावलेलं नाही.