दोन्ही काटे सारखे, म्हणे कॉम्प्रेसर गेला!

नागपूरच्या मे महिन्यात जुन्या गाडीचा एसी दाखवायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

माझी २००९ची पेट्रोल हॅचबॅक. हायवेवर एसी थंडगार, सिग्नलला थांबलं की गरम हवा. एका एसीवाल्याने बॉनेट उघडून दाब मोजणाऱ्या गेजचे पाइप लावले, निळा कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंदच होतं. दोन्ही काटे १३० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास.

"पाहा भाऊ, निळा तीस-चाळीसवर पायजे, लाल दोनशेच्या वर. दोन्ही सारखे. तुमचा कॉम्प्रेसर प्रेशरच बनवून नाही राहिला."

कुणालाही पटावं असंच तो बोलला. पण इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, फिरतच नाही; मग दोन्ही काटे सारखेच दिसणार, कोऱ्या गाडीतही! थांबलेल्या गॅसचा दाब तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा गॅस चाळीस अंशांना साधारण १३० पीएसआयच दाखवतो. आत थोडासा द्रवरूप गॅस उरला असला तरी आकडा तोच, त्यामुळे गॅस पुरेसा आहे की नाही हेसुद्धा त्यावरून कळत नाही.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. 'रिकंडिशन' कॉम्प्रेसरचे साडेनऊ हजार, गॅसचे दोन हजार. बिलाऐवजी व्हिजिटिंग कार्डामागे पेनाने लिहिलेला हिशेब, आणि जुना कॉम्प्रेसर म्हणे 'एक्स्चेंजमध्ये गेला'.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच सिग्नलला तीच गरम हवा, उलट आधीपेक्षा लवकर.

मग वाडीतल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू, एसी फुल्ल करून गेज लावला. लाल काटा तीनशे ओलांडून चारशेकडे निघाला आणि जास्त दाबामुळे टक् करून कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला. काकांनी मगभर पाणी समोरच्या कंडेन्सरवर, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीवर, ओतलं. काटा झरझर खाली, आत गार हवा. "कॉम्प्रेसर पैलवान आहे तुमचा. पंखा कुठं फिरून राहिला?" खरंच, कंडेन्सरचा पंखा ठप्प होता. हायवेवर वारा आपोआप मिळतो, सिग्नलला तो पंख्यानेच द्यावा लागतो. त्यात आधीच्याने वरून आणखी गॅस कोंबलेला, म्हणून दाब जास्तच चढत होता. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस भरायचा ते लिहिलेलं असतं. काकांनी सगळा गॅस काढला, व्हॅक्यूम केलं आणि वजनकाट्यावर तोलून तेवढाच भरला. पंख्याच्या मोटरचे बावीसशे वेगळे.

खरा राग पुढे आला. काकांनी टॉर्च मारून 'नवा' कॉम्प्रेसर दाखवला: चकचकीत चंदेरी स्प्रे, तोही बोल्टांच्या डोक्यांवरून आणि वायरच्या प्लास्टिक सॉकेटवरून ओघळलेला. बोल्टांच्या खाचेतला जुना चिखल रंगाखाली तसाच. पाना लागल्याची एक खूण नाही. माझाच कॉम्प्रेसर रंगवून मला विकला होता!

तेव्हा गेज लावताना इंजिन आणि एसी चालू करायला लावा, पंखा फिरतोय का ते स्वतः वाकून बघा. पार्ट बदलणार असतील तर जुना डिकीत टाकून मागा आणि पक्कं बिल घ्या.

जाब विचारल्यावर त्या दुकानदाराने गॅसचे दोन हजार परत केले. कॉम्प्रेसरवर मात्र 'आमचं काम असंच असते' एवढंच उत्तर. यूपीआयची पावती, कार्डामागचा हिशेब आणि बोल्टांचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार टाकली आहे.