नवी पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान: ४ स्टार

चादरीचा धंदा करतो, पण उधारी मागायची म्हटली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. इथं ८० रुपयांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं मराठी चरित्र मिळालं. हा गडी १९ व्या वर्षी लाज मोडायला न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभर जाऊन शंभरेक बायकांशी बोलला! एकीनंच भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. पुढं १९५५ मध्ये त्यानं विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: घटनेपेक्षा आपला 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट जास्त छळतो. मधली आठ पानं गायब निघाली. मालकांनी कुरकुर न करता २० रुपये परत दिले. दुपारी शटर बंद असतं, एक स्टार त्याचा कापला. मंगळवारी पहिल्या उधारीवाल्याला फोन लावला. 'पुढच्या महिन्यात बघू,' म्हणाला.