क्रूझवरचा पहिला दिवस : भाकर सोडून बाकी सगळं

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे सुटणाऱ्या क्रूझची चौकशी जळगाव-धुळ्याकडून सुरू झाली की पहिला प्रश्न केबिनचा नसतो. ‘तठे भाकर शे का?’ हा असतो. उत्तर सरळ आहे: नाही. ती का नाही हे समजलं की जहाजावर चढल्याच्या दिवशी काय खावं आणि कशाच्या नादी लागू नये, याचा अर्धा हिशोब आपोआप सुटतो.

जहाजाच्या भटारखान्यात उघडा जाळ नसतो. समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही, म्हणून शेगड्या विजेच्या, ओव्हन विजेचे, आणि हजारभर माणसांची डाळ शिजते ती एका बाजूला कलती होणाऱ्या चौकोनी पॅनमध्ये. तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायची भाकरी तिथे होत नाही. वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, जाळावर भाजणं तर दूरच. मेन्यूवर ‘बैंगन भरता’ दिसला तर तो ओव्हनमध्ये मऊ केलेल्या वांग्याचा, टोमॅटो-कांद्यात परतलेला असतो. चव वाईट नसते, पण त्याला भरीत म्हणण्याचं धाडस यावल-रावेरकडच्या माणसानं करू नये.

इथलं मत एका जहाजाबद्दलचं नाही, लहान क्रूझ जहाजांवर पहिल्या दिवशी असते त्या जेवणव्यवस्थेबद्दलचं आहे. लहान जहाज म्हणजे हजार-दोन हजार प्रवाशांचं. मुंबईकरांच्या ओळखीचं एम्प्रेस १९९० सालचं, अकरा डेकचं, सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांचं (ग्रॉस टन म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप). २०२४ साली आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ अडीच लाखांच्या घरात जातं. जेवणापुरता या फरकाचा अर्थ इतकाच, की लहान जहाजावर बफे एक, बसून जेवायचं रेस्टॉरंट एक, पूलपाशी चटरमटर मिळणारं काउंटर एक आणि वेगळे पैसे घेणारी एखाद-दोन ठिकाणं. एक बंद झालं की जायला दुसरं फारसं उरत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मेन्यूआधी घड्याळ पाहावं लागतं.

दोन रात्रींच्या सहलीत मुख्य जेवणं सहा धरा: पहिल्या दिवशी दुपार आणि रात्र, दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा, तिसऱ्या दिवशी नाश्ता करून उतरायचं. म्हणजे पहिला दिवस हा तिकिटातल्या जेवणाचा तिसरा हिस्सा आहे. चार वाजता धावतपळत चढणाऱ्याचं दुपारचं जेवण गेलं, आणि त्याचे पैसे कुणी परत देत नाही. वेब चेक-इन करताना चढण्याची वेळ निवडता येत असेल तर बारा ते एकची घ्यावी.

भुसावळ-जळगावकडून रात्रीच्या गाडीनं निघालेली मंडळी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सीएसएमटीला उतरतात. नंदुरबार-दोंडाईचाकडचे सुरतमार्गे पश्चिम रेल्वेच्या स्टेशनावर येतात. त्यांनी टॅक्सीसाठी एक तास जादा धरावा. क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून दीडेक किलोमीटर. मधले चार-पाच तास काढायचे असतात आणि गडबड नेमकी इथे होते: ‘जहाजावर फुकट जेवायचंच आहे’ म्हणून उपाशी राहायचं, मग दोन वाजता बफेवर तुटून पडायचं आणि संध्याकाळी जहाज खुल्या समुद्रात शिरताना पोट हातात धरायचं. नऊच्या सुमारास स्टेशनसमोर पुरी-भाजी किंवा वडापाव खाऊन घ्यावा, तोही बेतानं. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया हॉटेल आणि तिथला बेरी पुलाव कितीही खुणावत असला तरी ते दुपारीच उघडतं. बाराची वेळ मिळालेल्यानं तो मोह परतीच्या दिवसासाठी ठेवावा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दारात पोचतात संध्याकाळी, कधी जहाज सुटल्यावर. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या, लहान मुलाचं खाणं आणि बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी हातातल्या पिशवीत हवी. घरी केलेल्या दशम्या, ठेचा, लोणचं तपासणीत बहुधा बाजूला काढतात, कारण जहाजावर कुणाचं पोट बिघडलं तर ते कशानं बिघडलं हे शोधणं अवघड होतं. कंपनीनं सील केलेलं पाकीट साधारणपणे चालतं. विजेची किटली, इंडक्शन, चाकू यांतलं काहीही चालत नाही.

आता बफे. चढल्यावर सगळे तिकडेच ढकलले जातात, कारण केबिन दोनच्या आधी क्वचितच तयार असते. त्याच सकाळी जुने प्रवासी उतरलेले असतात, भाजीपाल्याचे ट्रक धक्क्यावर उभे असतात आणि नवा माल शीतगृहात चढत असतो. पहिल्या दुपारचं जेवण त्यामुळे बहुतांशी आदल्या रात्री चिरून, वाटून ठेवलेल्या मालाचं असतं. डाळ, छोले, राजमा, बिर्याणी हे पदार्थ त्यात चांगले निभावतात. हिरवी सॅलडं मात्र त्या दुपारी थकलेली दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांचीच रया बदलते.

बफेवरचं गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या आत ठेवायचा दंडक असतो. तो पोटासाठी चांगला, चवीसाठी नाही. झाकणाखालच्या वाफेनं फुलका पाच मिनिटांत चामडं होतो, भजी मऊ पडतात, भाताची वरची शितं वाळतात. गर्दीच्या वेळी, म्हणजे एक ते दोन, रांग लांब असते. पण भांडं भराभर रिकामं होऊन नवं येतं. अडीचनंतर रांग नसते आणि डाळीवर साय धरलेली असते. तेव्हा तळलेलं आणि पोळी-पुरी गर्दीत घ्यावी, डाळ-भात निवांत. भांडं बदलताना तिथे उभं राहायला मिळालं तर बाकी काही शिकायची गरज नाही. डोसा, पावभाजी, पास्ता समोर करून देणारं काउंटर असेल तर ते बफेच्या दीडपट चांगलं समजा. पावभाजी तर जहाजावर उत्तमच होते, कारण तिला जाळ लागत नाही, रुंद तापलेला तवा आणि लोणी लागतं.

पाणी, चहा, साधी कॉफी तिकिटात असते. बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, मशीनची कॉफी बहुधा नसते आणि सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. मुलांच्या हातात कार्ड देताना एवढं ध्यानात असू द्या.

बफेपेक्षा बसून जेवायचं रेस्टॉरंट पहिल्या दुपारी उघडं आहे का, हे जहाजावर पाय ठेवताच विचारावं. अनेक जहाजांवर ते दीड-दोन तासच उघडतं आणि कुणी सांगत नाही म्हणून अर्धं रिकामं असतं. पदार्थ मोजके, पण ताटात वाढून येतात, झाकणाखाली घुसमटत नाहीत. दुसरा फायदा जागेचा: हे रेस्टॉरंट सहसा खालच्या डेकवर असतं आणि बफे सगळ्यात वर. जहाज डुलतं तेव्हा पाण्यापासून जितकं उंच तितका झोका मोठा. ज्याला बोट लागते त्यानं रात्रीचं जेवण खालीच, शक्य तर जहाजाच्या मध्याजवळच्या टेबलावर घ्यावं. पोट पूर्ण रिकामं ठेवू नये. दहीभात, साधं वरण, थोडं आलं. तिखटजाळ आणि तेलकट त्या रात्री टाळावं, मग आपण कितीही काळ्या मसाल्यावर वाढलेले असू. गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकतेच असं नाही.

रात्रीच्या जेवणाला दोन पंगती असतात, एक साधारण सात-साडेसातची, दुसरी नऊच्या आसपासची. खेडेगावात आठला ताट वाढायची सवय असलेल्यांना दोन्ही अडनिड्या वाटतात, तरी ज्येष्ठ आणि मुलं बरोबर असतील तर पहिलीच बरी. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर एकत्र टेबल चढल्याबरोबर, जेवणाआधीच सांगून ठेवावं. एवढी मोठी टेबलं लहान जहाजावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. दुसऱ्या पंगतीत वाढपी कमी घाईत असतात, हा तिचा गुण. गोड पदार्थ तोवर संपलेले असू शकतात.

कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं आणि चढल्यावर रेस्टॉरंटच्या प्रमुखाला पुन्हा सांगावं. टेबलावर बसून ‘यातला कांदा काढा’ म्हणून भागत नाही, कारण कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या प्रमाणात करून ठेवलेली असते आणि पनीरपासून कोफ्त्यापर्यंत सगळं तिच्यातूनच निघतं. भारतीय पाहुणे जास्त असलेल्या जहाजांवर जैन जेवणाची सोय चांगली असते, अनेकदा इतरांपेक्षा ताजी, कारण ती थोड्या ताटांसाठी वेगळी शिजते.

मधे एक अडथळा येतो, मस्टर ड्रिलचा, म्हणजे आणीबाणीत प्रवाशांनी कुठे जमायचं याच्या सरावाचा. सात छोटे आणि एक लांब भोंगा होतो आणि बफे, बार, काउंटर सगळं बंद. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा लोक रात्रीच्या जेवणाला बसलेले होते आणि त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी जणांचा हा सराव झालेला नव्हता. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या व्हायलाच हवा. ताट भरून घेतल्यावर भोंगा झाला तर ताट सोडून जावं लागतं. ड्रिलची वेळ केबिनमधल्या कागदावर किंवा अ‍ॅपवर असते. तिच्या आधीच्या अर्ध्या तासात काही मागवू नये.

ड्रिल संपली की सगळे चहाला धावतात. ती गर्दी जाऊ द्या. जहाज धक्का सोडतं तेव्हा सारे वरच्या डेकवर फोटो काढत असतात आणि वीस-पंचवीस मिनिटं चहा-नाश्त्याचं काउंटर जवळपास मोकळं पडतं. समोसा, सँडविच, केक गरमागरम मिळण्याची पहिल्या दिवसातली हीच वेळ.

पूलपाशी बर्गर-फ्राइज ठीक, मुलांना खूश करण्यापुरते. केबिनमध्ये मागवायचं पहिल्या दिवशी टाळा. जिन्यात, लिफ्टमध्ये बॅगांची वर्दळ असते आणि साधा चहा यायलाही पाऊण तास लागू शकतो. पैसे घेणाऱ्या खास रेस्टॉरंटात पहिल्या रात्री टेबल सहज मिळतं, कधी सवलतही देतात. तरी दोन रात्रींच्या सहलीत तिकिटातलं जेवण सोडून तिकडे जाण्यात अर्थ नाही; चार-पाच रात्री असतील तर मात्र पहिलीच रात्र निवडावी.

राहिला तिखटाचा प्रश्न. जहाजावरची भारतीय भाजी सगळ्या प्रांतांना चालेल अशी, म्हणजे खान्देशी जिभेला फिकी. त्यावर उपाय जळगावच्याच दुकानात मिळतो: भाजीच्या जाड तिखट शेवेची सीलबंद पाव किलोची दोन पाकिटं. बफेवर आलू-मटर किंवा छोल्याचा पातळ रस्सा वाटीत घ्यायचा, हिरवी मिरची आणि लिंबू सॅलडच्या टेबलावरून उचलायचं आणि शेव टेबलावर बसल्यावरच घालायची. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त भिजली तर लगदा होतो. पोळीबरोबर नव्हे, पावाबरोबर खा. त्या दुपारी जहाजावर पाव पोळीपेक्षा ताजा असतो.