कंपनीतर्फे मिळणारी समुपदेशन सेवा : सहा सत्रांनंतरचे मत

घणसोलीतील ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिने बाहेरच्या एका संस्थेमार्फत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन सुरू केले आहे. फोनवर किंवा व्हिडिओवर सहा सत्रे मोफत मिळतात, आणि तीही मराठीत. सेवा घ्यावी का, असे सहकारी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून हे लिहीत आहे.

ठाण्याहून निघालेली ट्रान्स-हार्बर गाडी रबाळे सोडून पुढे सरकली की माझी छाती धडधडू लागे. सोमवारच्या बैठकीत साहेब कोणाला धारेवर धरतील याचा नेम नसे, आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाला उत्तर गेले नसेल, तर त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर चुकता होई.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच सत्रात जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी योग्य मानली जाते. माझे १४ आले. दर पंधरवड्याला त्या हीच प्रश्नावली पुन्हा भरून घेत. चौथ्या सत्राआधी साहेब दोन आठवडे रजेवर होते, तेव्हा गुण ६ वर उतरले आणि ते परतल्यावर पुन्हा १३ झाले. बाईंनी आकडे समोर ठेवून एवढेच विचारले, “त्या पंधरवड्यात वेगळे काय होते?” या एका प्रश्नासाठी मी या सेवेला चांगले म्हणेन. श्वसनाचे व्यायामही उपयोगी पडले, पण दुय्यम.

उणीव बाईंची नाही, मांडणीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे, आमच्या सेवेची माहितीपत्रके मात्र ताण केवळ कर्मचाऱ्यानेच कसा हाताळावा हे शिकवतात. कामातील गुंतवणुकीविषयी संघटनांमधील वर्तनाचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये ज्या तीन अटी मांडल्या, त्यांपैकी एक म्हणजे मन मोकळे केल्याने आपले नुकसान होणार नाही, ही खात्री. ती गेल्यावर माणूस कामचुकार होतो असे नाही. त्याचे सारे लक्ष स्वतःला सांभाळण्यात खर्ची पडते. पूर्वी इतरांच्या तक्त्यातली चूक दिसली की मी लगेच सांगत असे, आता गप्प बसतो.

याच काळात कंपनीने ‘एंगेजमेंट’चे, म्हणजे याच गुंतवणुकीचे, सर्वेक्षण घेतले. नाव विचारले नव्हते, पण विभाग, वय आणि सेवेची वर्षे विचारली होती, आणि आमच्या विभागात माणसे सहाच! सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले, असे नंतर चहाच्या टपरीवर कळले.

सेवा जरूर घ्या, मात्र नोंदणी वैयक्तिक ईमेलवरून करा. कार्यालयीन ईमेल वापरल्यास सत्राची वेळ सामायिक कॅलेंडरवर झळकते. पहिल्या सत्रासाठी मला आठ दिवस थांबावे लागले. तेवढा धीर नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

सातवे सत्र मी स्वतःच्या पैशांनी घेतले, साहेबांशी काय आणि कोणत्या शब्दांत बोलायचे हे ठरवण्यासाठी.